पांढऱ्या डंपरवरची हळद

त्या खेळण्याचा डावा हात बसणार नाही, हे लेकीच्या आधी मला कळलं होतं. तरी मी गप्प राहिले. गप्प राहणं मला लहानपणापासून सोपं जातं. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही उत्तर येत असताना बोट वर केलं नाही. आता पन्नाशीला टेकले, तरी दारात अनोळखी माणूस आला की मी आत जाते आणि मालकांना, लेकीच्या आबांना, पुढं करते.

लेक चार वर्षं पुण्याला होती. सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती. संध्याकाळी एका खेळण्यांच्या दुकानात काउंटरला उभी राहायची, तिथं तिला रोबोटांचा नाद लागला. पोस्ट एकही हाती लागली नाही. मालक आणि मी ऊसतोडीवरून परत आलो, त्याच आठवड्यात तीही बॅग घेऊन पाटोद्याच्या जीपमधून उतरली. तिघंही दमून आलेलो. कोणी कोणाला काही विचारलं नाही. पहिले आठ दिवस घरात नुसती झोप होती.

मग तिनं बॅगेतून तिची खेळणी काढली आणि मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ करायला लागली. मला आधी काही उमजेना. पंचवीस वर्षांची पोरगी, आणि खेळण्यातली मोटार घेऊन बसते. ती म्हणाली, ही पोरांची खेळणी नाहीत. ही मोटार असते, तिचे दरवाजे-चाकं उलटसुलट दुमडली की तिचा माणूस होतो, यंत्राचा. मोठमोठी माणसं ती काचेच्या कपाटात जपून ठेवतात. घ्यायच्या आधी त्यांना कोणीतरी सांगावं लागतं की सांधे घट्ट आहेत का, रंग बरा आहे का, उभा राहतो का पडतो. ते सांगायचं काम ती करत होती.

"आन् खेळत कोण न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग त्येचा माणूस कशाला करायचा?"

ती हसली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा हसली.

अडचण अशी होती की मोटारीचा माणूस करायला दोन हात लागतात आणि मोबाईल धरायला एक. तिच्याकडं मोबाईल ठेवायचा दांडा होता, पण तो जीपमध्ये मोडला होता. म्हणून तिनं मला बसवलं. मी एकच गोष्ट कबूल करून घेतली, हात दिसले तर दिसू देत, तोंड दिसायचं नाही आणि आवाज यायचा नाही.

चुलीपुढच्या कट्ट्यावर हिरवं लुगडं अंथरून आम्ही बसायचो. मोबाईल सुरू झाला की तिचा आवाज बदलायचा. "नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत..." असं पुस्तकातल्यासारखं. पहिल्या वेळी मी दचकून तिच्या तोंडाकडं बघितलं. बंद झाल्यावर म्हणाले, "कावून आसं बोलतीस गं? सासरी आल्यावानी?" ती म्हणाली, "लोकांना कळावं म्हणून." तिचे मित्र कोण, ते काही मला दिसले नाहीत.

हाताचं काम मात्र मला जमलं. सगळा जन्म उसाच्या मोळ्या बांधण्यात गेला, त्यामुळं कुठं ओढायचं आणि कुठं नुसतं दाबायचं, हे बोटांना न बघता कळतं. प्लास्टिकचा सांधाही तसाच असतो. जोर लावला की मोडतो, जरा तिरकं करून ढकललं की आपोआप जातो. एका व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, हे हात कुणाचे, आजीचे का? लेकीनं वाचून दाखवलं. मालक दारातून म्हणाले, "सांग म्हणावं, पणजीचे." मी ते हात पदराखाली घेतले. उसाच्या पाचटानं चिरलेले, नखं काळी. पुढच्या वेळी मी ते खोबरेल लावून बसले, तर खेळणं हातातून निसटायला लागलं.

वैशाखात पुण्याहून तिला फोन आला. तिकडं एक साहेब आहेत, त्यांचं या रोबोटांचं मोठं दुकान आहे. त्यांनी तिचे व्हिडिओ बघितले होते. ते म्हणाले, माझ्या स्वतःच्या कपाटातला एक नग पाठवतो. त्याच्याबद्दल नीट बोल, नग मला जसाच्या तसा परत कर. काम आवडलं तर दुकानात ये. येणारं प्रत्येक खेळणं तपासायचं, फोटो काढायचे, चार ओळी लिहायच्या. पगाराची नोकरी.

फोन ठेवून ती कट्ट्यावर बसली. म्हणाली, "आई, एवढं झालं ना, मग मला कुनाला फॉर्म भरून तोंड दाखवाया नगं." मालकांनी तिला तोवर सांगितलं होतंच की दिवाळीपर्यंत काय ते बघ, नाहीतर स्थळं बघू. ते रागानं बोलले नव्हते. थकून बोलले होते. आमच्या घरात त्या वर्षी सगळंच थकून बोललं जात होतं.

खोकं आलं ते चार दिवसांनी. आत खाचे पाडलेला फोम आणि प्रत्येक खाचेत एक गाडी. रोड रोलर, क्रेन, बुलडोझर, काँक्रीटचा मिक्सर आणि मधोमध डंपर. एकेक गाडी माझ्या पंजाएवढी, पण वजनाला भरली. लेकीनं मला समजावलं की या प्रत्येकीचा वेगळा माणूस होतो, आणि पाचही एकमेकांत बसवल्या की एकच मोठा होतो. डंपरचं धड, रोलर आणि बुलडोझर पाय, मिक्सर उजवा हात, क्रेन डावा.

"पाचाचा यक," मी म्हणाले. "म्हंजी आमच्यासारखंच."

आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादम विचारतो, किती कोयते आले? तो माणसं विचारत नाही. तिला ते माहीत होतं.

त्या दिवशी तिला मोबाईलचं कार्ड आणायला पाटोद्याला जायचं होतं. पाचही गाड्या तिनं लुगड्यावर ओळीनं मांडल्या आणि म्हणाली, "मी येस्तोवर नुसतं बघत बस. सायेबाचा जीव हाय त्येच्यात." आणि गेली.

मी बघत बसले. नव्या कोऱ्यासारख्या पाच गाड्या, चाकांवर धुळीचा कण नाही. आमच्या घरात चाकाची कुठलीही वस्तू हळदकुंकवाशिवाय सुरू झालेली नाही. मालकांची मोटारसायकल आली तेव्हा, लेकीची शाळेची सायकल आली तेव्हा, माझं शिलाईचं यंत्र आलं तेव्हासुद्धा, त्याला खाली एक चाक असतं म्हणून. आणि या पाच गाड्यांवर तर पोरीचं सगळं पुढचं यायचं होतं. त्यांना कसं कोरडं ठेवायचं? मी उठले, वाटीत हळद कालवली, कुंकू घेतलं आणि प्रत्येक गाडीच्या तोंडावर दोन-दोन बोटं ओढली. नारळ घरात नव्हता. असता तर फोडला असता. हात जोडून म्हणाले, पोरीचं काम होऊ दे.

थोड्या वेळानं ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. चार गाड्या मुळातच पिवळ्या-नारंगी, त्यांच्यावर काही उमटलं नव्हतं. डंपर पांढरा होता. कुंकू गेलं. हळद राहिली. माझी दोन बोटं त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होती. कपड्याचा साबण लावला तर पिवळ्याचं लाल झालं. पाण्यानं धुतलं, पुन्हा पिवळं. अंगावर घाम, आणि रस्त्यावर जीप वाजली की वाटायचं, आली.

हळद उन्हात उडते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. नवरीचं हळदीचं लुगडं दोन दिवस दोरीवर टाकलं की फिकं पडतं. वर पत्र्यावर माझ्या कुरडया वाळत होत्या. मी शिडीनं चढले, कुरडयांच्या शेजारी स्टीलच्या ताटात डंपर ठेवला, हळद वर करून. माकडं येतात, चकचकीत काही दिसलं की उचलतात. म्हणून हळदीची जागा सोडून वर एक दगड ठेवला. फार मोठा नाही. कुरडयांच्या फडक्यावर ठेवते तेवढाच.

खाली उतरले आणि टँकर आला.

टँकर आला की बाकीचं सगळं विसरावं लागतं. तीन दिवसांनी आला होता. घागरी, हंडे, ड्रमचं झाकण, सगळं घेऊन पळाले. रांगेत भांडणं झाली, एकीनं माझा हंडा मागं सारला, मी पुन्हा मागं उभी राहिले. खेपा करता करता कंबर धरली. शेवटचा हंडा उतरवला आणि तिथंच ड्रमला टेकून बसले. डोळा लागला की नाही, ते आठवत नाही. डंपर आठवला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

चढले. दगड उचलला. हळद गेली होती. अगदी गेली होती, जशी कधी लागलीच नव्हती. मला एवढं बरं वाटलं की मी तो छातीशी धरला, आणि तेव्हा छातीला चटका बसला. ताट तापून तव्यासारखं झालं होतं. खाली आणून गार पाण्यात धरला, पुसला आणि ओळीत ठेवून दिला. ठेवताना बोट डाव्या कडेवरून फिरलं. तिथं हात अडकवायची एक पातळ पट्टी असते. ती आधी सरळ होती. आता आत वळली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं. बोटाला कळत होतं.

लेक आली. "बघितल्या का?" म्हणाली.

"बघितल्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत आम्ही बसलो. तिनं केस विंचरले होते, तोंड दिसणार नव्हतं तरी. रोलरपासून सुरुवात केली. रोलरचं जड चाक पाय होतो, त्यामुळं तो उभा राहतो, पाचांत तोच भरवशाचा. बुलडोझरचं पातं कुठंच जात नाही, गुडघ्यावर तसंच राहतं. मिक्सरचं पिंप गरगर फिरतं, बघायला छान, पण माणूस झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही. क्रेन सगळ्यांत चांगली. तिची मान लांब ओढली की कोपर होतो, आणि दर वेळी बारीक कट् असा आवाज येतो. लेक हे सगळं त्या पुस्तकी आवाजात सांगत होती, आणि सांगायच्या आधी डोळ्यांनी मला विचारत होती, कारण घट्ट-सैल माझ्या बोटांना कळायचं. मी मानेनं हो-नाही सांगायची.

मग पाचाचा एक करायची वेळ आली. पाय बसले. उजवा हात बसला. मी क्रेन घेतली, तिरकी केली, ढकलली. कट् झालं नाही. सोडली, तर क्रेन खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी नुसतीच धरून ठेवली. माझी बोटं काढली की पडणार, हे मला माहीत होतं.

लेक थांबली नाही. मोबाईल जवळ आणला आणि म्हणाली, "मित्रांनो, इथं एक मोठा दोष दिसतोय. हा सांधा बनवतानाच कच्चा ठेवलेला आहे. एवढी नावाजलेली वस्तू, आणि हातच टिकत नाही. त्यामुळं मी तरी हे घ्या असं म्हणणार नाही."

ती खरं समजून बोलत होती. साहेबांच्या कपाटात हाच नग दोन्ही हातांनिशी उभा होता, हे साहेबांना ठाऊक होतं. ते ऐकणार आणि म्हणणार, पोरगी खोटं बोलते. मी क्रेन धरून बसले होते. दारात माणूस आला की मी आत जाते, पण इथं आत जायला जागा नव्हती.

"न्हाई," मी म्हणाले. "त्येची चूक न्हाई."

तिनं मोबाईलवरून माझ्याकडं बघितलं. तो सुरूच होता.

"म्या उन्हात ठेवलता. पत्र्यावर."

"कावून?"

"हळद निघंना म्हून."

"हळद?"

"पाचीला लावलती. नव्या गाड्या व्हत्या."

तिनं मोबाईल खाली ठेवला. डंपर उचलून त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मालक बाहेर दाढी करत होते. तिथूनच म्हणाले, "नारळ फोडला न्हाई डोक्यात त्येच्या, हे नशीब."

"तुमी गप ऱ्हावा," मी म्हणाले.

"न्हाई, मी म्हनतो, पोरी, कुरियरवाल्याच्या गळ्यात घाल की. रस्त्यानं आपटला म्हनावं. कोन बघाया येतंय?"

"आबा, खोकं मी दारात खोलून बघितलंय. सायेबाला तवाच फोटो धाडलेत," ती म्हणाली. मग हळू म्हणाली, "आन् नसते धाडले तरी बी."

दिवसभर ती डंपर घेऊन बसली होती. जेवली मात्र. मी भाकरी वाढताना म्हणाले, "मी सांगू का त्या सायेबाला? माझ्या हातनं झालं म्हून."

तिनं वर बघितलं. "तू बोलशील?"

मी तव्याकडं वळले. तिला उत्तर कळलं, मलाही कळलं.

संध्याकाळी तिनं फोन लावला, अंगणात बाजेवर बसून. मी आत पीठ चाळत होते, चाळणी थांबवली. ती पुण्याच्या आवाजात बोलत होती, पण मध्येच तो आवाज सुटून आमचा यायचा. "सर, डंपरची डावी पट्टी वाकली आहे... हो सर... न्हाई, कंपनीची चूक न्हाई. उन्हात राहिला... माझ्याकडून झालं, सर." मग बराच वेळ नुसतं हो सर, हो सर.

माझ्याकडून, असं ती म्हणाली. मी पिठाची परात मांडीवर घेऊन बसून राहिले. तिनं मला झाकलं होतं. मी कबूल करून घेतलं होतं ना, तोंड दिसायचं नाही, आवाज यायचा नाही. तिनं शब्द पाळला.

व्हिडिओतही तसंच. माझा आवाज तिनं काढून टाकला. कच्च्या सांध्याचं बोलणंही काढलं. शेवटी एवढंच ठेवलं की माझे हात क्रेन लावतात, ती पडते, आणि तिचा आवाज म्हणतो, "हा दोष खेळण्याचा नाही. आमच्याकडच्या उन्हाचा आणि आमच्या निष्काळजीपणाचा आहे. जपलात तर हा तुमच्याकडं दोन्ही हातांनी उभा राहील." मी ते तिच्या मोबाईलवर दोनदा बघितलं. निष्काळजीपणा हा शब्द मला लागला. मी जेवढी काळजी केली होती, तेवढी त्या साहेबांनीही केली नसेल. पण शब्द बरोबर होता.

खोकं परत पाठवायला भरलं तेव्हा डंपर त्याच्या खाचेत पूर्वीसारखा बसेना, किंचित वर राहायचा. मी झाकण दाबून धरलं, लेकीनं चिकटपट्टी लावली. वरून मी सुतळी बांधली, मोळीची गाठ मारून. ती गाठ सुटत नाही.

साहेबांचं उत्तर आलं, खोकं मिळालं. त्यानंतर पंधरा दिवस फोन वाजला की ती उठायची. मग एकदा तिनं स्वतःच लावला. साहेब चांगलं बोलले म्हणे. खरं सांगितलंत ते आवडलं म्हणाले. पण या कामात वस्तू हाताळणं हेच मुख्य, आणि जागा दुसऱ्या कोणाला दिली आहे. हे तिनं मला आंघोळीचं पाणी काढताना सांगितलं, जसं काही डाळ संपली असं सांगावं. मी म्हणाले, "माझ्यामुळं." ती म्हणाली, "पानी गार व्हतंय, आई."

श्रावणापासून ती पाटोद्याला एका दुकानात जाते. तिथं पोरांचे परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरून देतात. ती दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरते. व्हिडिओ करत नाही, कधीतरी करीन म्हणते. तिची खेळणी पत्र्याच्या पेटीत आहेत, माझ्या गोधड्यांखाली, सावलीत. मालकांनी स्थळाचा विषय पुन्हा काढला नाही. दिवाळी पुढं आहे.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. मालकांनी दोन्ही कोयते घासून पाटावर ठेवले, शेजारी विळा, दारात मोटारसायकल धुऊन उभी केली. आठ-पंधरा दिवसांत मुकादमाची गाडी येईल, ते कोयते घेऊन आम्ही पुन्हा जाऊ. मी हळदीची वाटी घेऊन बसले, बोटं बुडवली आणि हात तसाच राहिला. पाटावर हळदीचा एक थेंब पडला.

लेक कामाला निघाली होती. चप्पल घालता घालता तिनं बघितलं. एक चप्पल पायात, एक हातात, तशीच उभी राहिली.

"लाव की," म्हणाली. "लोखंडाचं हाय. त्येला काय व्हत न्हाई."

मी लावली. तिनं वाटीतली बोटभर हळद घेऊन मोटारसायकलच्या दिव्यावर ओढली आणि जीप गाठायला गेली.